दोन गाठींची डोली

श्रुतिका मेकॅनिक्सच्या पेपरात नापास झाली, हे मला तिनं नाही, तिच्या वडिलांनी सांगितलं. २००१चा जुलै चालू होता. भागोजी माझ्या दारात उभे होते. मिटलेल्या छत्रीचं पाणी पायरीवर पडू नये म्हणून त्यांनी ती हातभर लांब धरली होती. मागे श्रुतिका, नजर स्वतःच्या चपलांवर.

"बाई, तुमीच हिला शाळंत हुशार म्हनत होता," ते म्हणाले.

म्हणत होते खरी. पोलादपूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे, तेव्हा ही मुलगी वरच्या उंबरकोंडातून डोंगर उतरून यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. वर्गात कुणी विचारलं नाही तरी हिचा प्रश्न असायचाच. आता मी निवृत्त होऊन महाडला घरी होते आणि ती महाडच्याच कॉलेजात बी.एस्सी. करत होती. पहिल्या वर्षाचे बाकीचे विषय सुटले, मेकॅनिक्स तेवढं अडलं. कॉलेजनं तिला केटीवर, म्हणजे एक विषय राहिलेला असतानाच, दुसऱ्या वर्षात बसू दिलं होतं, पण हा पेपर ऑक्टोबरात पुन्हा द्यायचा होता.

"सुटला तर शिकंल," भागोजी म्हणाले. "नाय सुटला तर श्रीपत घेऊन जाईल मुंबईला. त्याच्या वळखीनं एका कंपनीत पोरी घेतात, औषधाच्या डब्या भरायला. माझा गुडघा हा असा. मी तरी कुठवर वाट बघू?"

श्रीपत म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. भागोजींच्या बोलण्यात राग नव्हता. माणूस थकलेला होता आणि त्याला एकदाचं काय ते कळायला हवं होतं.

"तुला काय करायचंय?" मी श्रुतिकाला विचारलं.

तेव्हा कुठे तिनं मान वर केली. "मला फिजिक्स शिकवायचंय, बाई. पण आधी मला यायला पायजे ना."

आतून माझे पती इस्माईल ओरडले, "मास्तरीणबाई, त्यांना आत घ्या आधी. भिजून पोरीचं फिजिक्स वाढणार आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटलं की ती माझ्याकडे येऊ लागली. संध्याकाळी माझ्याकडे शेजारची चार-पाच लहान मुलंही अभ्यासाला बसत. त्यांत माझी नात अरीबा होती, सहावीतली, तोंडाला कुलूप नसलेली.

पहिल्या दिवशी मी श्रुतिकाला म्हटलं, "एक चेंडू सरळ वर फेकला. काय होतं ते सांग."

तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं, "लेट अस कन्सिडर अ बॉडी ऑफ मास एम..."

पुढची पाच मिनिटं ती न थांबता बोलली. एकही शब्द चुकला नाही. शाळेत सगळं मराठीतून शिकलेली मुलगी; कॉलेजात गेल्यावर पुस्तक इंग्रजीत, शिकवणं इंग्रजीत, प्रश्न इंग्रजीत. तिनं त्यावर एकच उपाय शोधला होता. सबंध पुस्तक पाठ केलं होतं.

"छान," मी म्हटलं. "आता मला चेंडूबद्दल सांग."

तिनं पुस्तक उघडून पान शोधायला घेतलं.

"दादी, हिनं चेंडूचं नावच नाही घेतलं," अरीबा म्हणाली.

मी श्रुतिकाचं पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं. पाटी पुढे केली. "चेंडू वर चाललाय. हातातून सुटलाय, अजून वर पोचलेला नाही. त्याच्यावर जे काही जोर आहेत त्यांचे बाण काढ."

तिनं एक बाण खाली काढला, एक वर.

"खालचा कुणाचा?"

"पृथ्वीचा. ती ओढते."

"वरचा?"

"तो... वर चाललाय ना बाई. म्हणून."

"कोण ढकलतंय त्याला वर?"

"वेग."

"वेग कुणाला ढकलत नाही. तो चेंडूजवळ आहे, इतकंच. हात तर मागे राहिला. मग धनी कोण या बाणाचा?"

तिनं बोटानं वरचा बाण पुसला. पुसताना तिचा हात अडखळला. सगळ्यांचाच अडखळतो. वर जाणाऱ्या वस्तूला वर ढकलणारं कुणी नाही, हे मानायला माणसाला फार जड जातं.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. बाण काढला की त्याचा धनी सांगायचा. धनी सापडला नाही तर बाण पुसायचा. अरीबाला हा खेळ इतका आवडला की श्रुतिकानं पाटीवर रेघ ओढायला घेतली की ही आपला गृहपाठ सोडून ओरडायची, "धनी कोण?"

"तू आधी तुझे अपूर्णांक कर गो," श्रुतिका म्हणायची. पण धनी सांगायची.

महिनाभरात तिचे बाण नीट पडू लागले. मग मी म्हटलं, "तुला मार्चच्या पेपरातला एखादा प्रश्न आठवतो?"

"एक आठवतो. तो मी पूर्ण लिहिला होता आणि त्याला शून्य मिळालं. सरांना विचारलं तर म्हणाले, बेसिक कच्चं आहे तुझं."

प्रश्न साधा होता. दोन माणसं एका दांडीवरून ओझं नेतायत. दांडीच्या मध्यावर ओझं टांगलंय. रस्ता चढाचा आहे, म्हणून एक माणूस खाली, एक वर. कुणाच्या खांद्यावर किती भार?

"तू काय लिहिलंस?"

"खालच्याच्या खांद्यावर जास्त."

"दोघांवर सारखा येतो, श्रुतिका."

ती एवढ्या वेळात पहिल्यांदा मला नाही म्हणाली. "नाय बाई. खालच्यावर जास्त येतो."

"का?"

"कारण मी खाली असते."

मग तिनं सांगितलं. वरच्या उंबरकोंडाला गाडीरस्ता नाही. कुणी आजारी पडलं की डोली करून खाली डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं. प्रत्येक घरातून एक जण डोलीला लागतो, तिथे कारण चालत नाही. बहुतेक घरांतले पुरुष मुंबईला, त्यामुळे बायकाही लागतात. भागोजींचा गुडघा गेल्यापासून त्यांच्या घरातून श्रुतिका. ती उंच आणि अंगानं मजबूत, म्हणून खालच्या बाजूला. खाली ताकदीचं माणूस लावायचं, ही तिथली जुनी रीत.

"बाई, तुम्ही कधी डोली उचललीय?" तिनं विचारलं. उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच माहिती हवी होती.

"नाही."

"पोरगी बरोबर बोलतेय," इस्माईल बाहेर येत म्हणाले. त्यांचा एके काळी मालवाहतुकीचा धंदा होता, आंबेनळी घाटातून त्यांचे ट्रक जायचे. "कपाट जिन्यावरून न्यायचं असलं की माझे हमाल आधी भांडायचे, खाली कोण जाणार म्हणून. खालचा घामाघूम, वरचा गाणं म्हणतोय."

"तुम्ही मध्ये पडू नका."

"मी कुठं पडतोय? मी वरच्या बाजूला आहे."

श्रुतिका हसली नाही. मी पाटीवर बाण काढले, धनी सांगितले, हिशेब मांडला. भार सारखाच आला. तिनं हिशेबातली एकेक पायरी तपासली, प्रत्येकीला मान डोलावली, आणि शेवटी म्हणाली, "हिशेबात चूक नाय. पण माझ्या खांद्याचीही चूक नाय."

मी तिथे तिला म्हणू शकले असते की परीक्षेत हेच लिही आणि पुढे चल. पेपरला दोन महिने उरले होते. पण जी गोष्ट मनाला पटलेली नाही ती लिहायची, हेच तर ती वर्षभर करत आली होती.

"मोजून बघू," मी म्हटलं. माझ्याकडे मुलांसाठी घेतलेले दोन ताणकाटे होते, हुकाला वस्तू अडकवली की वजन दाखवणारे.

"इथे नको. तुमच्या घराला चढ नाय. गणपतीला आमच्याकडे या. डोंगरातच बघू."

"तू नाही पटवून घेणार, असं दिसतंय."

"पटलं तर घेईन ना," ती म्हणाली.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मी पोलादपूरच्या एस.टी.त बसले. तिथून पुढे पायवाट. भागोजींनी निरोप पाठवला होता, 'बाईंना डोली पाठवू का?' मी चालतच गेले, पण तीन ठिकाणी बसले आणि प्रत्येक वेळी त्या निरोपाचा पुन्हा विचार केला.

घर गणपतीच्या माणसांनी भरलेलं होतं. मुंबईहून श्रीपत आला होता, नव्या शर्टात, कमरेला मोबाइल. डोंगरावर त्याला रेंज नव्हती, तरी तो मधूनमधून काढून बघत होता. श्रुतिकाच्या आईनं, तुळसानं, मला मोदक दिले आणि हळूच म्हणाली, "श्रीपतभावजी परवा हिला घेऊनच जानार म्हनतात. कंपनीत आता जागा हाय, मागनं नसंल. तुमी काय ते बोला ह्यांच्याशी."

मी बोलायच्या आत श्रीपतनंच विषय काढला. "बाई, तुम्ही टीचर. तुम्हीच सांगा. एकदा फेल झाली. परत फेल झाली तर टाइमपण गेला, जॉबपण गेला. तिकडं माझी लाइन लागलीय. मंथली पगार."

"पेपर ऑक्टोबरात आहे," मी म्हटलं.

"जागा ऑक्टोबरापर्यंत थोडीच थांबणार?"

भागोजी पायाला तेल चोळत ऐकत होते. श्रुतिका आत होती. ती हातात एक काठी, सुतळी आणि एक गोल दगड घेऊन बाहेर आली. "बाई, काटे आणलेत ना?"

"आता दगडांचा खेळ," श्रीपत म्हणाला.

"काका, तुम्हीच धरा वरचा काटा. म्हणजे मी लबाडी केली असं व्हायचं नाय."

घरासमोरून पायवाट उतरत होती. श्रुतिकानं काठीच्या बरोबर मध्यावर सुतळीच्या एका गाठीनं दगड टांगला आणि दोन्ही टोकं दोन काट्यांच्या हुकांना अडकवली. एक काटा श्रीपतच्या हातात, एक तिच्या. आधी दोघं एका पातळीत उभे राहिले.

"दोन किलो," श्रीपत म्हणाला.

"दोन."

मग ती दोन पावलं उताराला गेली. काठी तिरपी झाली.

"दोन."

तिनं आपला काटा डोळ्यांजवळ नेला. "दोन."

आणखी खाली. काठी इतकी तिरपी की दगड तिच्या कपाळाच्या उंचीला आला.

"अजून दोनच हाय गो," श्रीपत हसत म्हणाला. "म्हणजे वर्षभर कॉलेज केलं, आणि जे एक लिहिलं तेपण राँग."

जमलेल्यांत हशा पिकला. भागोजींनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "आसं कसं व्हईल? मी जल्मभर डोली बांधतोय. वजन पान्यासारखं खाली धावतं. माझ्या बापानं सांगितलंय."

"काट्यात दिसतंय ना भाऊ. बाईंचं खरं."

श्रुतिका काठी खाली ठेवून पायरीवर बसली. मी तिच्याजवळ गेले नाही. शिकवताना सगळ्यात अवघड काम हेच असतं, तोंड मिटून बसणं. तिनं दगडाकडे बघितलं, मग काठीकडे, मग अंगणाच्या कोपऱ्यात छपराखाली टांगलेल्या डोलीच्या वेळूकडे. तो लांब वेळू होता आणि त्याला जाड चादर बांधलेली होती.

ती उठली. वडिलांच्या खांद्यावरचा टॉवेल तिनं काढून घेतला.

"आता काय?" श्रीपत म्हणाला. "काटे बोलले, मॅटर संपला."

"संपला नाय. डोलीला एक गाठ कुठं असते?"

तिनं टॉवेलचं एक टोक काठीच्या एका बाजूला बांधलं, दुसरं दुसऱ्या बाजूला, जशी चादर वेळूला बांधतात तशी. मधल्या झोळीत दगड ठेवला. "धरा काका."

सपाटीला दोन आणि दोन. मग ती उताराला लागली. काठी तिरपी झाली तसा दगड झोळीतल्या झोळीत घसरला आणि तिच्या बाजूला जाऊन बसला.

श्रीपतनं काटा हलवून बघितला. "हा... सव्वा दाखवतोय."

"माझा पावणेतीन."

"बगा!" भागोजी गुडघा विसरून उभे राहिले. "म्हनलं नव्हतं? खालच्यालाच जास्त!"

बायका ओरडल्या, पोरांनी टाळ्या पिटल्या. श्रुतिका त्यांच्यात सामील झाली नाही. ती पुटपुटत होती, "सव्वा आणि पावणेतीन. चारच. बेरीज तीच." मग तिनं तुळसाकडून हारांचा दोरा मागून घेतला, त्याला एक खिळा बांधला आणि गवंडी ओळंबा सोडतात तसा दगडाच्या खालून सोडून आईलाच धरायला सांगितला. खिळा जमिनीच्या जिथे जवळ आला तिथे तिनं पायानं खूण केली. ती खूण तिच्या पायापासून जवळ होती, श्रीपतच्या पायापासून लांब.

"आता एक गाठ," ती म्हणाली. पुन्हा आधीसारखा दगड टांगला, तेवढाच चढ. खिळा दोघांच्या बरोबर मध्ये.

ती माझ्याकडे वळली. "बाई, वजन खाली धावत नाय. दगडाचा ओळंबा ज्याच्या जवळ पडतो त्याला जास्त लागतं. एका गाठीला ओळंबा चढावर पण मध्येच राहतो. डोलीत माणूस घसरतं, म्हणून तो खाली येतो."

"आणि इस्माईलचाचांचं कपाट?" मी विचारलं. "ते तर घसरत नाही."

ती आत धावली. मग आतून एक उंच पत्र्याचा डबा आणून तिनं काठीवर उभा बांधला आणि काठी तिरपी केली. डब्याचं डोकं उताराकडे कललं. तिनं डब्याच्या मध्यावरून दोरा सोडला. खिळा खालच्या बाजूला गेला. "ते घसरत नाय, पण कलतं. ओझं दांडीच्या वर असलं की कलून खाली येतं." आणि मग ती एकदम माझ्या हाताला धरून म्हणाली, "पेपरात 'सस्पेंडेड फ्रॉम द मिडपॉइंट' होतं. मध्यावर टांगलेलं. गाठ एकच होती, बाई. मी वाचली एक आणि बघितली डोली."

"म्हणजे शून्य बरोबर होतं?"

"शून्य बरोबर होतं," ती म्हणाली. इतक्या आनंदानं शून्य मान्य करणारं मूल मी आजवर दुसरं बघितलेलं नाही.

आरती झाली, जेवणं झाली. श्रीपत विसरला नव्हता. "भाऊ, दगड बघून झाले. परवाच्या गाडीत हिला बसवायची का नाय ते सांग. मला तिकडं कळवायला लागंल."

भागोजी भिंतीला टेकून बसले. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, पास व्हईल ही?"

"ते मी सांगू शकत नाही," मी म्हटलं. "अजून बराच अभ्यास राहिलाय आणि तो या दगडापेक्षा अवघड आहे."

"बघ, बाईपण गॅरंटी देत नायत," श्रीपत म्हणाला.

"काका, गॅरंटी मी पण देत नाय," श्रुतिका दारातून म्हणाली. "पण मी आता निम्म्यात सोडलं तर मला जन्मभर वाटत राहील की मला येत नव्हतं. मला येतंय की नाय ते मला बघायचंय. नाय आलं तर तुमच्या गाडीत मी स्वतः बसेन. कुणी हात धरून न्यायला नको."

"आणि जागा गेली तर?"

"गेली तर गेली."

"आवाज बघ पोरीचा!" श्रीपत भावाकडे वळला.

भागोजींनी पाय लांब केला. "श्रीपत, माझ्या बापानं मला सांगितलं, वजन पान्यासारखं धावतं. मी आयकलं. कंदी दोरा सोडून बगितला नाय. लोकं हसली तरी ही उठली." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "हिला दुसऱ्यांदा बसू दे. निकाल लागल्यावर मी तुला सोता फोन करीन. हो का नाय, ते तवा."

ठरल्या दिवशी श्रीपत एकटाच गेला. ती जागा पंधरा दिवसांत भरली, हे त्यानं शेजारच्या एका माणसाबरोबर मुद्दाम कळवलं.

गणपतीनंतरचे दिवस सोपे नव्हते. त्या दिवशी अंगणात जे झालं त्यामुळे पुढचं सगळं आपोआप येऊ लागलं, असं काही घडलं नाही. फिरणाऱ्या वस्तूंशी तिचं जमेना. एस.टी. वळणावर गेली की आपण बाहेर फेकले जातो, तो बाण ती काढायची आणि अरीबा विचारायची, "धनी कोण?" श्रुतिका चिडायची.

"अगो, फेकलं जातं ना माणूस! तू कधी घाटात गेली नायस का?"

"गेले. उलटी झाली. पण ढकललं कुणी नाही," अरीबा म्हणाली.

तो बाण पुसायला श्रुतिकाला आठवडा लागला. रोज येताजाता ती एस.टी.च्या खिडकीपाशी बसून वळणं मोजण्याऐवजी आपलं अंग कुठे टेकतं ते बघायची. एका संध्याकाळी आल्या आल्या म्हणाली, "मी सरळच जात असते, बाई. गाडी वळते. मग गाडीचा पत्रा येऊन मला आत ढकलतो. बाण आतला आहे, आणि धनी पत्रा." मग स्वतःच हसली. "आम्ही उगाच म्हणतो बाहेर फेकलं."

इंग्रजीसाठी आम्ही वेगळा मार्ग काढला. प्रश्न वाचायचा, पुस्तक मिटायचं, तो मला मराठीत गोष्टीसारखा सांगायचा. कोण आहे, कुठे आहे, कशाला बांधलंय, कोण कुणाला धरून आहे. गोष्टीत एक शब्द जरी जादा आला तर मी विचारायचे, हे प्रश्नात आहे की तू आणलंस? सुरुवातीला ती पुष्कळ आणायची. हळूहळू कमी झालं.

परीक्षेच्या थोडं आधी मी स्वतः एक पेपर काढला आणि वेळ लावून तिला बसवलं. ती त्यात नापास झाली. थोडक्यात नव्हे, चांगली नापास झाली. मी तपासलेली पानं तिच्यासमोर ठेवली आणि इस्माईल तिच्यासाठी चहा टाकायला गेले.

तिनं पानं उलटून बघितली. डोळे भरले होते, पण ती ते पुसायच्या भानगडीत पडली नाही. "ही तीन मी घाईनं चुकवलीत. ही दोन मला येतच नाहीत." तिनं पानं बाजूला सारली. "ती दोन आज शिकवा. उद्या दुसरा पेपर काढा."

"उद्या थोडी विश्रांती घे."

"विश्रांती ऑक्टोबरनंतर, बाई."

दुसऱ्या पेपरात ती जेमतेम वर आली. तिसऱ्यात थोडी आणखी. चौथ्यात पुन्हा घसरली आणि तिनं पाचवा मागितला. प्रश्न काढून काढून माझंच डोकं रिकामं झालं. इस्माईल म्हणाले, "मास्तरीणबाई, आता तुमचाच केटी राहील."

पेपरच्या दिवशी ती परस्पर कॉलेजात गेली आणि दुपारी माझ्याकडे आली. ती आधी पाणी प्यायली.

"एक पूर्ण राहिला," ती म्हणाली. "वेळ होता, पण सुटला नाय. नुसते बाण काढून ठेवले आणि खाली लिहिलं की पुढे जमत नाही. मार्चमध्ये मी अशा प्रश्नाला दोन पानं भरली होती."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे मी सोडवले. पाठ म्हटले नाहीत."

निकाल डिसेंबरात लागला. रमजान चालू होता. भागोजी सकाळच्या गाडीनं आले. चालताना ते पाय ओढत होते, तरी रिक्षा नको म्हणाले. कॉलेजच्या फाटकाशी आम्ही दोघं थांबलो. त्यांनी मला चहा विचारला, मग रोजा आठवून जीभ चावली, आणि स्वतःही घेतला नाही.

श्रुतिका आत फळ्याकडे गेली. मुलांची गर्दी होती. बराच वेळ ती दिसेना. मग गर्दीतून बाहेर आली आणि आमच्याकडे धावत वगैरे नाही, चालतच आली.

"काय गो?" भागोजींनी विचारलं.

"सुटला."

"म्हंजे पास?"

"पास. काठावर हाय बाबा. लई नाय."

"काठावर तर काठावर," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून फाटकाच्या गजांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "फोन कुठं असतो हितं?"

समोरच एस.टी.डी.चं बूथ होतं. भागोजींना फोनवर बोलायची सवय नव्हती. मुंबईपर्यंत आपला आवाज आपणच पोचवायचा, अशा बेतानं ते बोलले. रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"श्रीपत! मी भागोजी! सुटला पेपर! ...हां, सुटला! ...न्हाय, येत नाय ती. ...आता नवी जागा हाय? कधी? जानेवारीत?" त्यांनी काचेतून बाहेर श्रुतिकाकडे बघितलं. ती कॉलेजच्या शिपायाशी बोलत होती. प्रॅक्टिकलची बॅच कुठल्या खोलीत बसलीय ते विचारत होती. "जानेवारीत जमनार नाय, श्रीपत. तिचं कालेज हाय. ...पुढच्या वर्षी पन हाय. ...त्याच्या पुढच्या वर्षी पन."

त्यांनी फोन ठेवला आणि बाहेर येऊन विचारलं, "बाई, ही कुठं गेली?"

"वर्गात," मी म्हटलं. "उशीर झाला होता तिला."

"मग आपन कशाला थांबलोय?" ते म्हणाले, आणि पाय ओढत एस.टी. स्टँडच्या दिशेनं निघाले.